जुनी पिकअप दुरुस्त करण्याआधी

गेल्या महिन्यात गटांच्या बैठकांना फिरताना चार गावांत एकच प्रश्न समोर आला. “ताई, तुमच्या बायांनी पिकअप घेतली म्हणे. जुनी घेतली ना? मग दुरुस्तीला किती लागले?” प्रत्येक ठिकाणी आम्ही अर्धे उत्तर देऊन आलो, कारण पुढची एसटी गाठायची होती. म्हणून आज रेडिओवर सगळा हिशोब मांडतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला शेजारी बसवा.

आमचे गाव पारोळा तालुक्यात, धुळे-जळगाव महामार्गापासून आत. गावात आमचे तीन गट, बाया ३२. निम्म्या बायांची भाजी निघते, वांगी, मिरची, गवार, मेथी. बाकीच्या बिबडे, पापड, शेवया करतात. माल आठवड्यातून तीनदा धुळ्याला जातो. भाड्याच्या गाडीला एका खेपेचे १,८०० रुपये पडत. महिन्याच्या तेरा खेपा धरल्या तर २३,४०० रुपये. पैशापेक्षा उशिराचा त्रास मोठा होता. गाडीवाल्याला दुसरे भाडे मिळाले की तो पहाटे चारऐवजी सहाला येई. तोवर बाजार समितीत लिलाव होऊन गेलेला, आणि वांगी उरल्यासुरल्या भावात द्यायची. अशा दिवशी परत येताना गाडीत कोणी बोलत नसे.

आता आधी आमची चूक सांगतो. २०१९ मध्ये आमच्यातल्या एका गटाने जुनी तीनचाकी मालरिक्षा घेतली होती, ७० हजारांना. घेतल्या घेतल्या पहिला खर्च काय केला? रंग. पिवळा रंग, मागे देवीचे नाव, पुढे आरसे आणि झालरी. १२ हजार त्यातच गेले. दोन महिन्यांनी इंजिन बसले. मिस्त्रीने ते खोलले, सगळे भाग पोत्यावर मांडले आणि मग आकडा सांगितला. तेवढे पैसे गटाकडे नव्हते. खोललेले इंजिन दुसऱ्याकडे नेता येत नाही आणि तिथेच ठेवले तरी पुढे सरकत नाही. रिक्षा पाच महिने गॅरेजसमोरच्या लिंबाखाली उभी राहिली आणि शेवटी २२ हजारांना भंगारात गेली. कर्जाचे हप्ते बायांनी बचतीतून फेडले. एका मावशीने त्यासाठी पोत मोडली. त्या नंतर वर्षभर बैठकीला आल्या नाहीत, आणि आम्हीही त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचो.

त्यामुळे २०२४ च्या दिवाळीनंतर पुन्हा गाडीचा विषय निघाला तेव्हा बैठक गप्प झाली. एक आजी बोलल्या, “हाई गाडी नही, हत्ती शे. आनाले सोपा, पोसाले कठीन.” त्यांचे खोटे नव्हते. मग आम्ही ठरवले की गाडी बघायला जायच्या आधी पैसे बघायचे.

गटांच्या नफ्यातले १ लाख २० हजार होते. बँकेचे कर्ज २ लाख मिळत होते. एकूण ३ लाख २० हजार, त्यापुढे एक रुपया नाही. याचे आम्ही चार वाटे केले. गाडीच्या खरेदीला जास्तीत जास्त २ लाख, दुरुस्तीला ८० हजार, कागदपत्रांना २५ हजार आणि १५ हजार हात न लावायचे. हा शेवटचा वाटा वहीत लिहिताना एकीने विचारले, हात लावायचा नाही तर ठेवायचा कशाला? अहो, लग्नाच्या बस्त्याला जाताना आपण पदराच्या गाठीला वेगळे पैसे बांधतोच ना, ते याचसाठी. जुन्या गाडीत खोलल्याशिवाय न दिसणारे काहीतरी असतेच.

काही जणी म्हणाल्या, सरकारी योजना नाही का? केंद्राने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना काढली, तीत गटातल्या महिलेला गाडीसाठी मदत आहे, पण ती प्रवासी वाहतुकीसाठी. आमचे काम मालाचे, म्हणून आम्ही कर्जाचा रस्ता धरला. तुमच्या गावाला एसटी येत नसेल तर त्या योजनेची चौकशी तुमच्या तालुक्याच्या उमेद कक्षात जरूर करा.

गाडी कोणती, याचा फार खल केला नाही. जिचे सामान धुळ्यात आणि जळगावात दोन्हीकडे दुकानात मिळते आणि जी आपल्या फाट्यावरचा मिस्त्रीही डोळे झाकून खोलतो, ती. आपल्या रस्त्यांवर ज्या दोन-तीन प्रकारच्या पिकअप सारख्या दिसतात त्यातलीच एक घ्या. कोणाकडे नसलेली, स्वस्तात मिळणारी गाडी पुढे सामानासाठी पुण्या-मुंबईला पळवते. कंपनीचे नाव आम्ही रेडिओवर घेत नाही.

वय मात्र बघा. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते, ज्याला आपण पासिंग म्हणतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांचे मिळते, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. आणि १५ वर्षांच्या पुढच्या गाड्यांची तपासणी फी केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढवली आहे. म्हणजे चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी वर्षभरात तिचा खर्च वाढणार. आम्ही २०१४ ची बघितली.

बघायला पाच जणी गेलो, सोबत ओळखीचा मिस्त्री. त्याला दिवसाची मजुरी दिली. फुकट आणलेला मिस्त्री विकणाऱ्याशीही गोड बोलतो, हा आमचा अनुभव. विकणाऱ्याला सांगून ठेवले होते की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवला. गरम लागले असते तर समजायचे की सकाळी चालू व्हायला त्रास देते म्हणून आधीच तापवून ठेवली आहे. ती थंड होती.

बैल घेताना दात बघतो, चाल बघतो, खांदा बघतो, तसेच हे. चालू केल्यावर धूर बघा. गाडी तापल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे. तापल्यावरही दाट पांढरा येत असेल तर बहुतेक पाणी आत शिरते आहे, तिथून उठून या. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. तो नोझल, पंप किंवा साध्या एअर फिल्टरचाही दोष असू शकतो आणि त्याचा खर्च आवाक्यातला असतो. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढून बघा, तिथून फुसफुस करत धूर उसळला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा, तापल्यावर उकळते पाणी अंगावर येते. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तरी गाडी सोडा.

मग गाडीखाली पाहायचे. आमच्यातली एक सून सतरंजी टाकून टॉर्च घेऊन खाली गेली. विकणारा हसला, “ताई, साडी खराब होईल.” तिने खालूनच सांगितले, चेसिसला डाव्या बाजूला वेल्डिंग आहे. त्यानंतर तो हसला नाही. वेल्डिंग हौद्याच्या आडव्या पट्टीचे निघाले, मुख्य चेसिसचे नव्हते. मुख्य चेसिसला तडा किंवा जोड असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका, त्याला दुरुस्ती नाही. चेसिसवरचा नंबर पुसून आरसी बुकाशी जुळवून बघा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेले. नक्षी चांगली दिसली तरी सात-आठ वर्षांचे रबर आपल्या खान्देशच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तिथे भरवशाचे नसते.

शेवटी हौद्यात दहा पोती टाकून पाच किलोमीटर चालवायला लावली. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान पळते. २ लाख १० हजार सांगितले होते, १ लाख ८५ हजारांना ठरली. वाचलेले १५ हजार आम्ही हात न लावायच्या वाट्यात टाकले, ते ३० हजार झाले. एकीला त्यात टेप आणि सीट कव्हर दिसू लागले होते. तिला तीनचाकीची आठवण दिली.

आता कागद. हे कंटाळवाणे आहे, पण गाडी बंद पडली तर ढकलता तरी येते, कागद अडला तर ती दारातून हलत नाही. विकणाऱ्याच्या सह्या फॉर्म २९ आणि ३० वर पैसे देतानाच घ्या. आरसी बुकात बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते. आमची गाडी एमएच १८, म्हणजे धुळ्याच्या नोंदणीची आणि आपला तालुका जळगाव जिल्ह्यात, म्हणून फॉर्म २८ चा ना-हरकत दाखलाही काढावा लागला. गाडीवर दंडाची ई-चलने बाकी आहेत का ते नंबर टाकून मोबाइलवर दिसते. आमच्या गाडीवर होती, ती विकणाऱ्याने भरली. विमाही नव्या मालकाच्या नावावर १४ दिवसांत करायचा असतो. जुन्या मालकाच्या नावाने विमा चालू आहे ना, मग काय घाई, असे म्हणू नका. माणसाला काही झाले तर ज्याच्या नावावर गाडी त्याच्या दारात नोटीस येते.

आणि गाडी कोणाच्या नावावर? यावर तीन बैठका झाल्या. आमच्या गाडीच्या आरसी बुकात एका सदस्याचे नाव आहे. तिन्ही गटांचा ठराव करून ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहून घेतले की गाडी सगळ्यांची आहे, हप्ता सगळ्यांचा आहे आणि दंड, खटला काही आला तर तोही सगळ्यांचा आहे. हे शेवटचे वाक्य त्या बाईच्या नवऱ्याने घालायला लावले. त्याचे बरोबर होते. एकटीच्या नावावर ओझे टाकून बाकीच्यांनी पापड लाटत बसायचे, हे योग्य नाही.

आता दुरुस्ती. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारून १ लाख ३५ हजारांचा आकडा सांगितला, इंजिन बांधणे आणि पूर्ण रंग धरून. आम्ही म्हटले, दादा, एकेक काम वेगळे लिहून द्या. आणि प्रत्येक कामापुढे एक प्रश्न विचारला : हे आज नाही केले तर काय होईल? बायांनो, हा प्रश्न लक्षात ठेवा. “ब्रेक नाही केले तर?” “ताई, मरायचे आहे का?” “इंजिन नाही बांधले तर?” यावर तो जरा थांबला. “चालेल तशी. पण आता हात लावतोच आहे तर...” हे ‘लावतोच आहे तर’ फार महाग पडते. दुसऱ्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घेतले. इंजिन ठीक निघाले, काळा धूर नोझलचा होता. एका तपासणीत ४५ हजारांचे काम टळले.

मग वहीत तीन याद्या केल्या. पहिली यादी जिवाची. ब्रेकचे शू, चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडरचा किट आणि हँडब्रेक मिळून ८,७००. स्टेअरिंगचे बॉल जॉइंट आणि टायरॉड एंड ६,३००. पुढचे दोन टायर नवे, ११,४००. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर आणि त्यांची वायरिंग ५,२००. हौद्याचा गंजलेला तळ आणि आडवी पट्टी बदलायला वेल्डरचे ९,५००. बेरीज ४१,१००. या यादीत घासाघीस भावाची करायची, कामाची नाही. आम्हाला धुळ्याच्या पुढे लळिंगचा घाट आहे, चाळीसगावकडच्या बायांना कन्नडचा घाट आहे. भरलेली गाडी उताराला लागली की तिथे वहीतली बचत कामाला येत नाही. नवे टायर पुढे टाकले, मागच्यांची आणखी वर्षभराची उमर होती. पैसे कमी असतील तर काही जण मागे रिमोल्ड टाकतात, पण पुढे रिमोल्ड कधीच नको. पुढचे टायर फुटले तर गाडी हातात राहत नाही.

दुसरी यादी गाडी रस्त्यात उभी राहू नये म्हणून. रेडिएटर साफ करणे, पाण्याचा पंप, पाइप, फॅन बेल्ट ७,४००. क्लचचा सेट ९,८००. नोझल ८,६००. बॅटरी ५,६००. मागचे पाटे ६,२००. ऑइल आणि सगळे फिल्टर ३,३००. बेरीज ४०,९००. पाट्यांवर वाद झाला, काहींना तो खर्च नको होता. पण पाटा बसलेला असला की प्रत्येक खड्ड्याचा दणका मालाला बसतो. वांग्याला डाग पडला की भाव जातो, बिबड्यांचा तर चुरा होतो. शिवाय वाकलेल्या पाट्याने टायर एका बाजूने खातो, म्हणजे सहा हजार वाचवून अकरा हजार घालवायचे.

दोन्ही याद्या मिळून ८२ हजार झाले, मर्यादेपेक्षा २ हजार जास्त. तिसरी यादी शोभेची. केबिनचे पोचे, रंग, सीट, टेप. तिच्यापुढे आम्ही आकडेच लिहिले नाहीत, म्हणजे मोह नको.

कामाला लावताना आगाऊ सगळे पैसे दिले नाहीत. आधी सामानाचे, तेही दुकानाचे पक्के बिल बघून. मजुरी निम्मी मध्ये, निम्मी भरल्या गाडीची चाचणी झाल्यावर. काढलेले जुने भाग पोत्यात भरून परत मागितले. त्याने दोन फायदे झाले. भाग खरोखर बदलले हे कळले, आणि ते लोखंड भंगारात विकून चहापाण्याचा खर्च निघाला. ब्रेक, स्टेअरिंग आणि क्लचचे सामान नवेच घ्या. दरवाजाचे हँडल, आरसा, दिव्याची काच भंगार बाजारातून आणली तरी चालते.

आणि व्हायचे ते झालेच. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा आतले बेअरिंग आणि ऑइल सील गेलेले निघाले. ६,५०० आणखी. मिस्त्रीने फोन केला तेव्हा, खरे सांगतो, पोटात गोळा आला. तोच लिंब आणि ती तीनचाकी डोळ्यांपुढे आली. पण यावेळी गाठीला पैसे होते. आधीचे २ हजार आणि हे साडेसहा, असे ८,५०० त्या ३० हजारांतून गेले. कागदांनाही २५ ऐवजी २७,३०० लागले, त्यात सगळ्यात मोठा आकडा विम्याचा. मालवाहू गाडीचा नुसता तिऱ्हाइताचा विमाही सोळा हजारांच्या वर जातो, हे आधी धरून चाला. बाकी पासिंग, पीयूसी, नवी नंबर प्लेट, चमकणारी पट्टी. हातात १९,२०० उरले.

रंग आम्हीच दिला. एका रविवारी पंधरा जणींनी हौदा पॉलिश पेपरने घासला आणि गंज धरू नये म्हणून आतून-बाहेरून रेड ऑक्साइड लावले. १,१०० रुपयांत काम झाले. दिसायला हौदा गेरूने सारवल्यासारखा दिसतो. पोरे हसतात, हसू द्या. केबिनचा रंग बदलला नाही, कारण आरसी बुकात जो रंग आहे तो बदलला तर नोंद करावी लागते. एकाने हौद्याला फूटभर उंची वाढवायचा सल्ला दिला होता. तेही केले नाही. नोंदीपेक्षा वेगळा हौदा पासिंगला अडतो आणि जास्त माल भरायचा मोह होतो तो वेगळाच. आरसी बुकात गाडीचे भरलेले वजन लिहिलेले असते ते वाचा. ते ३,००० किलोच्या आत असेल तर माल वाहतुकीचा वेगळा परवाना लागत नाही.

एक ठराव मात्र भांडून केला. हौद्यात माणसे बसवायची नाहीत. लग्नाला नाही, यात्रेलाही नाही. मालाच्या हौद्यात बसलेल्या माणसाला विमा धरत नाही, आणि कायद्यानेही ते चालत नाही. हा ठराव झाल्यावर दोन घरी आमच्याशी अबोला आहे, कारण गेल्या लग्नसराईत आम्ही गाडी दिली नाही. राहू दे अबोला.

गाडी चालवते ती सतरंजी टाकून खाली गेलेली सूनच. तिच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता. लोकांनी घाबरवले की पिवळ्या पाटीच्या गाडीला वेगळा लागतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला आहे की हलक्या वाहनाचा परवाना असणारा ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो. निकालाच्या बातमीचे कात्रण ती आरसी बुकासोबत ठेवते. सुरुवातीला बाजार समितीत कोणीतरी म्हणालेच, “बायास्ले गाडीमा काय समजस?” ती तेव्हा गाडी मागे घेत होती. एका दमात रांगेत लावली आणि खाली उतरून मालाचे वजन करायला गेली.

आता फायदा झाला का, हे विचारणारच. एका खेपेला डिझेल साधारण ६०० आणि चालवणारीचे ४००, म्हणजे १,०००. त्याशिवाय प्रत्येक खेपेचे २०० रुपये गाडीच्या डब्यात टाकतो, टायर आणि पुढच्या विम्यासाठी. १,८०० च्या जागी १,२००. तेरा खेपांचे वाचतात ७,८०० आणि बँकेचा हप्ता साडेसहा हजारांच्या पुढे आहे. म्हणजे नुसत्या भाड्याच्या बचतीत फार काही उरत नाही, हे स्पष्ट सांगतो. मोकळ्या दिवशी गावातला कापूस, खताच्या गोण्या नेतो, त्याचे चार पैसे मिळतात. आणि माल पहाटे साडेचारला निघतो, रोज. लिलावाला पहिल्या रांगेत लागतो.

पोत मोडलेल्या मावशी आता बैठकीला येतात. गाडीच्या डब्याची किल्ली त्यांच्याकडे दिली आहे. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा पोरींनी पुन्हा टेपचा विषय काढला. मावशींनी वही मागवली, तिसरी यादी उघडली आणि टेपच्या आधी डाव्या खिडकीची काच लिहायला लावली, कारण ती अजून हाताने धरून वर करावी लागते.